‘क्षयरोगमुक्त’ गावात क्षयरुग्ण कसा? आरोग्य आणि शाश्वत विकासाच्या शब्दांची फोड

नाशिक जिल्ह्यातील एखाद्या ग्रामपंचायतीला ‘क्षयरोगमुक्त’ असल्याचे प्रमाणपत्र मिळते, सरपंचांच्या हाती महात्मा गांधींचा छोटा पुतळा येतो, त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापून येते, आणि त्याच दिवशी त्याच गावातील एका घरी आशाताई क्षयरोगाच्या गोळ्या देऊन आलेल्या असतात. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, असा प्रश्न गावकऱ्यांना पडणे साहजिक आहे. कोणाला प्रमाणपत्र खोटे वाटते, तर कोणी त्या घरातील माणसाने आजार लपवला असेल असे म्हणतो. प्रत्यक्षात प्रमाणपत्र खरे असू शकते आणि रुग्णही खरा असू शकतो. गोंधळ ‘मुक्त’ या शब्दाने केलेला असतो.

हे कोडे एकट्या क्षयरोगाचे नाही. ‘निर्मूलन’, ‘मृत्युदर’, ‘सार्वत्रिक आरोग्य संरक्षण’, ‘शाश्वत विकास’ हे शब्द जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या दस्तऐवजांतून शासन निर्णयांत उतरतात, तेथून ग्रामसभेच्या इतिवृत्तात आणि बातम्यांत येतात, आणि या प्रवासात व्याख्या मागे राहून नुसता शब्द पुढे येतो. माझे म्हणणे असे की यांतील बहुतेक शब्द एकाच किल्लीने उघडतात. शाळेत अपूर्णांक शिकताना वरच्या आकड्याला अंश आणि खालच्या आकड्याला छेद म्हणत असू. या प्रत्येक शब्दाखाली असा एक छेद असतो, आणि तो विचारल्याखेरीज वरच्या आकड्याला अर्थ येत नाही.

## ‘मुक्त’ म्हणजे शून्य का नाही?

क्षयरोगमुक्त पंचायत ही केंद्र सरकारची मोहीम मार्च २०२३ मध्ये जाहीर झाली. तिच्या निकषांनुसार गावात वर्षभरात दर हजार लोकसंख्येमागे नोंदलेले क्षयरुग्ण एक किंवा त्याहून कमी असावे लागतात. म्हणजे ३,००० वस्तीच्या गावात वर्षभरात तीन रुग्ण सापडले तरी ते गाव पात्र ठरू शकते. पहिल्या वर्षी कांस्य, सलग दुसऱ्या वर्षी रौप्य आणि तिसऱ्या वर्षी सुवर्ण रंगाचा पुतळा दिला जातो.

मात्र याच निकषांत आणखी एक अट आहे, जिची बातमीत फारशी वाच्यता होत नाही आणि जी मला सर्वांत मोलाची वाटते. दर हजार लोकांमागे किमान ३० संशयितांची क्षयरोगासाठी तपासणी झालेली असली पाहिजे. ही अट नसती, तर ज्या गावात कोणी थुंकीचा नमुना दिलाच नाही आणि कोणाचा एक्स-रे काढलाच नाही, ते गाव सर्वांत आधी ‘मुक्त’ झाले असते. याखेरीज उपचार पूर्ण होण्याचे प्रमाण आणि रुग्णांना पोषणासाठी मिळणारी मदत यांचेही निकष आहेत. त्यामुळे प्रमाणपत्राचा अर्थ ‘येथे क्षयरोग नाही’ असा होत नाही. त्याचा अर्थ असा की येथे पुरेसा शोध घेतला, रुग्ण मोजके सापडले आणि त्यांच्यावर उपचार चालू आहेत. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर अशा गावातील माणसानेही तपासणी करून घेतलीच पाहिजे.

## नियंत्रण, निर्मूलन आणि उच्चाटन

मराठीत आपण ‘निर्मूलन’ हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या अवस्थांसाठी वापरतो आणि पुष्कळसा घोळ तेथूनच सुरू होतो. शेतातील तणाचे उदाहरण घेतले तर फरक चटकन कळतो. पिकाला त्रास होणार नाही इतपत खुरपणी करत राहणे म्हणजे नियंत्रण. आपल्या रानात तण उगवेनासे करणे, पण बांधापलीकडून बी उडून येण्याची शक्यता असल्यामुळे लक्ष ठेवून राहणे, म्हणजे निर्मूलन. पृथ्वीच्या पाठीवर त्या तणाचे बीजच न उरणे म्हणजे उच्चाटन. त्यानंतर खुरपे कायमचे खाली ठेवता येते.

माणसाच्या आजारांपैकी उच्चाटन एकट्या देवीचे झाले आहे. जागतिक आरोग्य सभेने मे १९८० मध्ये तशी घोषणा केली आणि म्हणूनच आज जन्मलेल्या बाळाला देवीची लस दिली जात नाही. पोलिओचा भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. परंतु बांधापलीकडे विषाणू अजून आहे, म्हणून पोलिओचे डोस चालूच आहेत. ‘पोलिओ तर गेला, मग आता डोस कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर निर्मूलन आणि उच्चाटन यांमधील याच फरकात आहे. नारूची गोष्ट जुन्या पिढीला आठवत असेल. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरणाऱ्यांच्या पायातून निघणारा तो लांब जंत भारतातून हद्दपार झाल्याचे २००० मध्ये प्रमाणित झाले. त्यासाठी ना लस होती ना खात्रीचे औषध. पाणी गाळून पिणे, विहिरींच्या पायऱ्या बंद करणे आणि रुग्णाला पाण्यात उतरू न देणे एवढ्यावर हे काम झाले. आफ्रिकेतील मोजक्या देशांत नारू अद्याप शिल्लक असल्यामुळे त्याचेही उच्चाटन झाले असे म्हणता येत नाही.

सर्वांत अधिक गैरसमज कुष्ठरोगाबाबत आहे. डिसेंबर २००५ मध्ये देशाने ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून’ कुष्ठरोगाचे निर्मूलन केले, असे जाहीर झाले. अवतरणातील चार शब्द गळून पडले आणि कुष्ठरोग संपला अशी समजूत झाली. त्या वाक्याचा छेद होता १०,०००: दर दहा हजार लोकांमागे उपचाराखालील रुग्ण एकाहून कमी. तेव्हाच्या सुमारे ११० कोटी लोकसंख्येला हा हिशेब लावला, तर एक लाखाहून अधिक रुग्ण असतानाही ‘निर्मूलन’ साधल्याचे म्हणता येत होते. अंगावरील न दुखणारा, न खाजणारा, बधिर चट्टा आजही दाखवून घेतला पाहिजे तो यासाठी.

## गंगापूर धरणाची आवक आणि साठा

पावसाळ्यात नाशिककर रोज तीन आकडे वाचतात: गंगापूर धरणात येणारी आवक, धरणातील साठा आणि गोदापात्रात सोडलेला विसर्ग. हे तिन्ही समजणाऱ्या माणसाला साथरोगशास्त्रातील दोन अवघड संज्ञा आधीच येतात. ठरावीक काळात नव्याने आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण ही आवक होय. तिला नवरुग्ण दर म्हणू. एखाद्या क्षणी आजारी असलेल्या सर्वांचे, म्हणजे जुन्या-नव्यांचे मिळून, प्रमाण हा साठा होय. त्याला व्यापकता म्हणू. बरे होणे किंवा दगावणे हा विसर्ग.

आता यातील खुबी पाहा. धरणातून विसर्ग वाढवला की आवक तेवढीच राहूनही साठा घटतो. कुष्ठरोगात नेमके हेच घडले. अधिक जंतू असलेल्या रुग्णांचा औषधोपचार २४ महिन्यांवरून १२ महिन्यांवर आणल्यावर रुग्ण लवकर बरे होऊन नोंदवहीतून बाहेर पडू लागले आणि व्यापकता घसरली. उपचार आखूड होणे ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्यातून नव्याने लागण होणे थांबले असा निष्कर्ष निघत नाही. मधुमेहात उलटे घडते. उपचारांमुळे रुग्ण अधिक वर्षे जगतात, विसर्ग मंदावतो आणि साठा फुगतो. शहरात मधुमेही वाढले या बातमीत म्हणूनच एक चांगली बातमीही दडलेली असू शकते.

क्षयरोगाचा राष्ट्रीय अंदाज आवकेच्या भाषेत सांगितला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात २०१५ मध्ये दर लाख लोकांमागे वर्षाला २३७ नवे रुग्ण होते आणि २०२४ मध्ये ते १८७ झाले. घट सुमारे २१ टक्क्यांची आहे. देशाने मात्र २०२५ पर्यंत ८० टक्के घट साधण्याचे लक्ष्य ठेवले होते. या दोन आकड्यांतील अंतर मोठे आहे आणि ते स्वच्छ शब्दांत सांगितले गेले पाहिजे, असे मला वाटते.

## रुग्ण वाढले म्हणजे कारभार बिघडला का?

हा आक्षेप प्रत्येक तालुक्यात ऐकू येतो, आणि त्याचे उत्तर ‘नेहमीच नाही’ असे आहे. एखाद्या आरोग्य केंद्रात तपासणीचे यंत्र आले, आशाताई पाड्यापाड्यांवर फिरू लागल्या, घरी झालेले मृत्यूही नोंदले जाऊ लागले, की पहिली दोन-तीन वर्षे आकडे वाईटच दिसतात. आजार आधीही होता; कागदावर आता आला. अशा वेळी अधिकाऱ्यांना फैलावर घेतले तर पुढच्या वर्षी आकडा कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग त्यांच्यासमोर उरतो, आणि तो म्हणजे कमी नोंदवणे. म्हणून रुग्णसंख्येशेजारी तपासण्यांची संख्या मागावी. तपासण्या दुप्पट होऊन रुग्ण थोडे वाढले असतील तर शोध रुंदावला आहे. तपासण्या तेवढ्याच असून रुग्ण वाढले असतील तर काळजीचे कारण आहे.

## आई आणि बाळ: हजार कुठे, लाख कुठे

बालकांच्या आणि मातांच्या मृत्यूंचे आकडे एकाच बातमीत शेजारी छापले जातात, पण त्यांचे छेद वेगळे आहेत. अर्भक मृत्युदर म्हणजे दर १,००० जिवंत जन्मांमागे पहिला वाढदिवस न पाहिलेली बालके. माता मृत्यू प्रमाण म्हणजे दर १,००,००० जिवंत जन्मांमागे गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या ४२ दिवसांत त्या कारणाने दगावलेल्या स्त्रिया. नमुना नोंदणी पद्धतीनुसार, म्हणजे जन्ममृत्यूंच्या सरकारी नमुना पाहणीनुसार, महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर २०२० मध्ये १६ होता, तर २०१८-२० या काळातील माता मृत्यू प्रमाण ३३ होते. देशाचे हेच आकडे अनुक्रमे २८ आणि ९७. माता मृत्यूंचा ३३ हा आकडा अर्भकांच्या १६ च्या दुप्पट दिसतो म्हणून माता अधिक दगावतात असे समजणे चूक आहे. एका छेदावर आणले तर १६ चे १,६०० होतात.

तालुक्याच्या पातळीवर आणखी एक सापळा आहे. वर्षाला २,००० जन्म होणाऱ्या तालुक्यात एक माता दगावली तर प्रमाण ५० होते, दोन दगावल्या तर १००. पुढच्या वर्षी सुदैवाने एकही दगावली नाही तर ते शून्य. या चढउतारावरून ‘प्रमाण दुप्पट’ किंवा ‘मातामृत्यूमुक्त तालुका’ असे मथळे करता येतात, पण त्यांतून आरोग्यसेवेविषयी काहीच सिद्ध होत नाही. अशा लहान जागी प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी, म्हणजे गाडी केव्हा बोलावली, रक्त कोठे मिळाले, कोणत्या टप्प्यावर उशीर झाला, हीच खरी माहिती असते.

सरासरी आयुर्मानाचा अर्थही येथेच सांगून टाकतो. जुन्या काळी सरासरी आयुर्मान कमी होते म्हणजे लोक चाळिशीत म्हातारे होत, असे मुळीच नाही. दोन जणांपैकी एक जन्मतःच गेला आणि दुसरा ८० वर्षे जगला, तरी सरासरी ४० येते. त्या काळची सरासरी खाली ओढली होती ती लहानग्यांच्या मृत्यूंनी.

## सरासरी पाऊस प्यायला येत नाही

इगतपुरीत वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर येवला-नांदगावकडे साधारण ५००. या दोन टोकांची सरासरी पावणेदोन हजारांच्या घरात जाते, आणि एवढा पाऊस या दोन्ही ठिकाणी पडत नाही. आरोग्याच्या जिल्हावार सरासरीचे असेच आहे. नाशिक शहर, निफाड, मालेगाव आणि डोंगराळ, आदिवासीबहुल सुरगाणा यांना एका आकड्यात कोंबले की सुरगाण्याची अडचण दिसेनाशी होते. शाश्वत विकासाच्या दस्तऐवजांत ‘कोणालाही मागे ठेवायचे नाही’ हे वाक्य येते. त्याचा व्यावहारिक अर्थ असा की आकडे तालुका, लिंग, जमात आणि उत्पन्न यांनुसार फोडून दाखवावेत.

येथेच समानता आणि समन्याय यांतील फरक येतो. सर्वांना सारखे देणे ही समानता. ज्याची वाट अवघड त्याला अधिक देऊन सर्वांना सारख्या ठिकाणी पोहोचवणे हा समन्याय. हा विचार आपल्या सरकारी नियमांत कधीपासूनच आहे: सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र, तर आदिवासी आणि डोंगराळ भागात ३,००० मागे एक, प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी अनुक्रमे ३०,००० आणि २०,०००. ‘पेठ-सुरगाण्याला झुकते माप का?’ असे विचारणाऱ्याने उन्हाळ्यात तेथील घाट उतरून पाणी आणणाऱ्या गरोदर बाईचे अंतर मोजून पाहावे. नियम मात्र इमारत मोजतो. त्या उपकेंद्रात आरोग्यसेविका राहते का, हे मोजत नाही. याबाबत लोकांची तक्रार रास्त आहे.

## एका कुपोषणात दोन आजार

वयाच्या मानाने उंची कमी असणे हा खुजेपणा. तो महिनोन्‌महिने अपुरे अन्न, वारंवारचे जुलाब आणि आईची अशक्तता यांतून येतो. उंचीच्या मानाने वजन कमी असणे हा लुकडेपणा. तो अलीकडच्या उपासमारीची किंवा आजारपणाची खूण आहे आणि जिवाला तातडीचा धोका त्यातच अधिक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके खुजी आणि २५.६ टक्के लुकडी आढळली. लुकडेपणात देशाची सरासरी १९.३ टक्के होती, म्हणजे आपले तुलनेने संपन्न राज्य येथे देशाच्याही मागे आहे. अंगणवाडी सेविका ज्याला ‘सॅमचे बाळ’ म्हणतात ते अतितीव्र लुकडे बाळ. सहा महिन्यांपुढच्या बाळाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर त्या त्याला ताबडतोब पुढे पाठवतात.

## सार्वत्रिक आरोग्य संरक्षण आणि पदरमोड

या लांबलचक संज्ञेचा अर्थ एवढाच: गरज पडेल त्या प्रत्येकाला दर्जेदार उपचार मिळावेत आणि त्यापायी घर कर्जात बुडू नये. दोन्ही अटी एकत्र हव्यात. कार्ड हातात असणे म्हणजे संरक्षण मिळणे असा समज आहे. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार मिळतात आणि त्याचा आधार अनेक घरांना झाला आहे. परंतु बाह्यरुग्ण विभागातील तपासणी आणि महिनोन्‌महिने लागणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यात येत नाहीत, आणि सामान्य घराची गळती बहुधा तेथेच असते.

देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी केलेली पदरमोड २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होती, ती २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आली. घट स्वागतार्ह आहे. तरीही येथे छेद पुन्हा विचारावा लागतो. खर्च झाला तरच तो मोजला जातो. द्राक्षबागेत रोजंदारी करणाऱ्या बाईने पैसे नाहीत म्हणून गुडघेदुखी सोसली, दवाखान्यात गेलीच नाही, तर तिची पदरमोड शून्य भरते आणि कागदावर ती सुरक्षित दिसते. न घेतलेल्या उपचारांची मोजणी वेगळी करावी लागते.

## ‘शाश्वत’ म्हणजे अमर नव्हे

संतवाङ्मयामुळे ‘शाश्वत’ म्हटले की आपल्याला अविनाशी असे काही आठवते. विकासाच्या संदर्भात अर्थ बराच जमिनीवरचा आहे. ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८७ मध्ये त्याची व्याख्या केली: पुढच्या पिढ्यांची गरजा भागवण्याची क्षमता न घालवता आजच्या गरजा भागवणे. ब्रुंटलांड स्वतः डॉक्टर होत्या, नॉर्वेच्या पंतप्रधान झाल्या आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखही. शेतकऱ्याला ही व्याख्या समजावून सांगावी लागत नाही. दुष्काळातही पेरणीचे बियाणे मोडून खायचे नसते, हे त्याला ठाऊक असते.

भूजलाचा हिशेब हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. पावसाने दरवर्षी जेवढे पाणी जमिनीत मुरते आणि उपसण्याजोगे असते, तो छेद. आपण जेवढे उपसतो तो अंश. हे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत असेल तर क्षेत्र सुरक्षित, ७० ते ९० असेल तर अंशतः शोषित, ९० ते १०० असेल तर शोषित आणि १०० च्या पुढे गेले तर अतिशोषित मानतात. शंभराहून अधिक टक्के कसे, असा प्रश्न विद्यार्थीही विचारतात. व्याज संपल्यावर मुद्दल काढायला लागले की असे होते, आणि विंधन विहीर ३०० फुटांवरून ६०० फुटांवर जाते ती त्या मुद्दलाच्या मागे. पाणी असे खोल गेले की ते विकत घ्यावे लागते, टँकरचे साठवून ठेवावे लागते, साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात आणि हात धुणे कमी होऊन जुलाब वाढतात. आरोग्य आणि शाश्वत विकास यांची नावे जोडून का घेतात, ते या साखळीत दिसते.

संयुक्त राष्ट्रांनी सप्टेंबर २०१५ मध्ये २०३० पर्यंतची १७ ध्येये आणि त्यांखालील १६९ लक्ष्ये स्वीकारली. तिसरे ध्येय आरोग्याचे आहे. लक्ष्याकडे किती वाटचाल झाली ते सांगणारी खूण म्हणजे निर्देशक. नाशिकला गोदापात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती हा असाच निर्देशक आहे: पाणी त्याच्या गुडघ्याला, छातीला की डोक्यावरून, एवढे सांगितले की जुन्या नाशिकमध्ये पुराचा अंदाज येतो. पण पूर म्हणजे मारुती नव्हे. त्याची जागा हलवल्याने पाणी ओसरत नाही.

## हे परदेशी शब्द आपल्याला कशाला?

आक्षेप मनापासून घेतला जातो, म्हणून उत्तर इतिहासातून देतो. देशांनी एकत्र बसून साथींविषयी बोलण्याची सुरुवात १८५१ मध्ये पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय स्वच्छता परिषदेने झाली आणि तिच्यामागे कॉलराची दहशत होती. १८६७ मध्ये हरिद्वारच्या कुंभमेळ्यात कॉलरा पसरला आणि परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर तो उत्तर भारतात गावोगाव गेला. ‘जागतिक आरोग्य’ म्हणजे कोणा एका देशाच्या हद्दीत न मावणारे आरोग्याचे प्रश्न. त्या विषयाच्या पहिल्या धड्यांत आपल्या यात्रा होत्या.

नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथे २०२६-२७ च्या सिंहस्थाची तयारी चालू आहे. पर्वणीच्या दिवशी शहराचा छेदच बदलतो: शौचालये, खाटा, क्लोरीन टाकलेले पाणी आणि रुग्णवाहिका यांचा हिशेब जनगणनेच्या लोकसंख्येवर करून चालत नाही, त्या दिवशी गोदाकाठी असलेल्या माणसांवर करावा लागतो. कॉलराची लक्षणे काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत केव्हाही दिसू शकतात. रामकुंडावर स्नान करून रेल्वेने निघालेला यात्रेकरू आजारी पडेल तो आपल्या गावी, आणि त्याची नोंद होईल तेथील आरोग्य केंद्रात. नाशिकच्या रकान्यात तेव्हा शून्यच दिसेल. म्हणून जुलाबाच्या रुग्णाला ‘गेल्या आठवड्यात यात्रेला गेला होता का?’ हा प्रश्न देशभरातील बाह्यरुग्ण विभागांत विचारला जाणे आणि त्याचे उत्तर त्याच दिवशी नाशिकला कळणे, ही व्यवस्था पहिल्या पर्वणीच्या आधी उभी राहिली पाहिजे.